रोझालियाआजीचा कुसकुस

बंगळुरूत, मल्लेश्वरमच्या गिरणीपुढे पद्मनाभ गव्हाचा डबा घेऊन उभे होते. मागे दोन बायका मराठीत बोलू लागल्या, तसे त्यांनी कान टवकारले.

"सुखदा, खपलीचा जाड रवा कशाला ग?"

"कुसकुस करायचाय, महानंदाक्का. सिसिलीत, ट्रापानीला शिकत होते ना, तिथलं जेवण. रव्यावर पाण्याचा हबका मारून हातानं वळायचा, मग मातीच्या भांड्यात वाफवायचा."

"आणि खायचा कशाशी?"

"ते माशाच्या रश्शाशी खातात. रोझालियाआजी माझ्यापुरता भाज्यांचा करायची."

"घरमालकीण होती तीच की?"

"हो. आई गेली तेव्हा लॉकडाऊन होतं, मला येता आलं नाही. खोलीत एकटी रडत बसले होते. आजी वर आली ती ताट घेऊनच. म्हणाली, आमच्यात सुतकाच्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारी जेवण आणतात."

"अगबाई, आपल्यासारखंच की!"

"रोज आणायची. समोर बसून खायला लावायची. तिच्यामुळे तगले मी, अक्का."

"पुण्यवान बाई. आता कशी आहे?"

"काल गेली. तिची नात इथे राजाजीनगरला नोकरीला आहे. अंत्यविधीला पोचणं तिला काही जमलं नाही."

"सरी, बरं, मग जेवण घेऊन येते म्हणून फोन केलास का तिला?"

"नाही. आजीनं तरी मला कुठे विचारलं होतं?"

पद्मनाभांनी आपला डबा उचलून बाजूला ठेवला.

"तुमचं आधी होऊ द्या," ते म्हणाले.