सगळे एका दिवशी येत नाहीत

नाही हो, सरकायला कशाला लागतंय, या बाकावर चौघं मावतात. माझा टोकन नंबर एकशे बारा, तुमचा? एकशे अकरा — म्हणजे माझ्या आधी तुम्ही. आत्ता कुठं एकशे सात चाललाय, तेव्हा अर्धा तास तरी काही आपली वर्णी लागत नाही. टेलर का तुम्ही? बोटांना खडू दिसला म्हणून विचारलं. मी मास्तर — होतो. चौतीस वर्षं अर्थशास्त्र शिकवलं — हसा, हसा, वॉचमनही हसला परवा, म्हणाला, सर, तुम्हीपण रांगेत?

पहिला धडा पैशाचा इतिहास. मीठ झालं, कवड्या झाल्या, नाणी झाली, मग सोनार. लोक सोनाराकडं सोनं ठेवायचे, तो चिठ्ठी द्यायचा, आणि हळूहळू बाजारात सोन्याऐवजी चिठ्ठीच फिरायला लागली. आणि मग एका सोनाराच्या लक्षात आलं — काय आलं? — की सोनं मागायला सगळे एका दिवशी येत नाहीत. झालं! तिजोरीतलं सोनं त्यानं दिलं दुसऱ्याला व्याजानं. बँक म्हणजे एवढंच हो, बाकी सगळं फर्निचर. पाच मार्कांना घालायचो हा प्रश्न मी, दरवर्षी, आणि मुलं दरवर्षी चुकवायची. आता बघा, सगळे एका दिवशी आलेत, आणि महिन्याला दहा हजारांच्या वर एक रुपया मिळत नाही कुणाला.

हे पासबुक? माझं नाही, धाकट्या बहिणीचं. नर्स होती. निवृत्त झाली तेव्हा सगळी पुंजी इथं ठेवली, मीच ठेवायला लावली — अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणालो. दादा म्हणतो म्हणजे बरोबरच असणार, असं तिचं. गुडघ्याचं ऑपरेशन करायचं होतं तिला या महिन्यात, तारीखसुद्धा घेतली होती. जिना चढता येत नाही, म्हणून तिचं अधिकारपत्र घेऊन मी येतो. दर वेळी कागदात एक काहीतरी कमी निघतं.

माझं पासबुक? माझं… घरी आहे. नाही, म्हणजे माझं खातं बंद केलं मी. शटर पडायच्या अकरा दिवस आधी. योगायोग कसला हो — इथल्या हिशेबखात्यात माझा एक विद्यार्थी आहे, घरी आला, चहासुद्धा घेतला नाही, दारातच म्हणाला, सर, तुमचं काढून घ्या आणि कुणाला बोलू नका. दुसऱ्या दिवशी मी याच हॉलमध्ये आलो — रांग नाही, काही नाही, कॅशियरनं मला पाणी विचारलं. दहा मिनिटांत काम झालं.

मग बहिणीला का नाही सांगितलं — हेच ना? सांगतो. ती सांगणार मैत्रिणीला, मैत्रीण नवऱ्याला, संध्याकाळपर्यंत सगळी गल्ली इथं. निम्म्या बँका बुडतात त्या अशाच, नुसत्या कुजबुजीनं. वर्गात घसा फोडून शिकवलंय मी हे. म्हटलं, आपण तरी आग लावू नये. आपण गप्प बसलो तर सावरेल कदाचित… आपण गप्प बसलो तर. आपले काढून. — असं बघू नका हो माझ्याकडं. तुमचेही वाचले असते मी गप्प बसल्यामुळं, सावरली असती तर. रोज रात्री हाच हिशेब मांडतो मी, आणि रोज तो चुकतो. दमलोय. तिला वाटतं माझेही बुडाले. पहिल्याच दिवशी माझा हात धरून रडली ती — दादा, तुझं या वयात काय होणार! आणि मी… मी म्हणालो, होईल काहीतरी.

अगं! तू कशी आलीस? जिना चढून? बस, बस आधी, श्वास घे. हे? हे रांगेतले, टेलर आहेत. पाणी पी. — हे काय पाकीट? मला? मला कशाला गं? …उचल? कसली उचल? पुन्हा कामाला लागलीस? त्या दवाखान्यात, आठ-आठ तास उभं राहून, या पायांवर? आणि ऑपरेशनची तारीख? …रद्द केलीस. नको, हे नको देऊस मला, ठेव तू. अगं मला गरज — अगं, तुला माहीत नाही, मला…

अहो, एकशे अकरा! तुमचा नंबर पुकारतायत. उठा ना. जा हो तुम्ही, जा.