दादाची कंबर आणि डॉक्टरांचं घड्याळ

आमच्या दादाची एक सवय तुम्हाला म्हाईत न्हाई. पंगतीत वाढायला उठला तरी तो आधी हातातलं घड्याळ काढून माझ्याकडं देतो, अन् हरवू नये म्हणून मी ते माझ्या मनगटावर चढवतो.

मागं आमची दोघांचीही कंबर धरली. रेणापूरहून लातूरला, मणके बसवणाऱ्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी दादाच्या हाताला स्वतःचं एक घड्याळ बांधलं. म्हणाले, "कंबर मोकळी झाली की हृदयाच्या ठोक्यांमधलं अंतर बदलतं. जीव किती निवांत झाला, ते मोबाईलवर दिसतं."

दादा पालथा झोपला. डॉक्टरांनी कंबरेवर जोर दिला, तसा असा काही कडकन आवाज आला की मी भिंतीलाच टेकलो.

डॉक्टर मोबाईलकडं बघतच राहिले. "काका, तुमचा ताण तर लई वाढलाय. छातीत धडधडतंय का?"

"न्हाई बा. मला तर झोप यायली."

डॉक्टरांनी दादाचं मनगट बघितलं, ते रिकामं. मग माझं बघितलं.

दादा मान न उचलता म्हणाला, "घड्याळ बरोबर हाय, डॉक्टर. पुढचा नंबर त्याचा हाय."