चिठ्ठी नसलेलं बटण

काकू : आता काय गेलं?

काका : स्वयंपाकघरातला दिवा. चिठ्ठी लाव.

काकू : लावली. तीस वर्षं लोकांच्या विजेसाठी खांबांवर चढलात, घरच्या बोर्डाला आज मुहूर्त लागला.

काका : दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सोमवारपासून रोज चार तास वीज जाणार. कुठल्या बटणावर काय आहे ते कळल्याशिवाय इन्व्हर्टर जोडू कसा? आणि आधीच सांगतो, दोन दिवे, एक पंखा आणि तुझा फ्रीज. त्यावर मिक्सर लावलास तर तो जीव सोडेल.

काकू : सगळ्यांनी माझ्याच मिक्सरवर का टपायचं? बरं, आता पाचवं.

काका : ते सोड. सहावं घे.

काकू : सोडू कसं? त्याला चिठ्ठी नको?

काका : रिकामं आहे ते. त्यावर काही नाही.

काकू : मग बंद करायला काय हरकत आहे? हे केलं.

काका : चालू कर.

काकू : का? गेलं काय?

काका : आधी चालू कर. बोलू नकोस, चालू कर.

काकू : केलं बाई. रिकाम्या बटणानं घाम का फुटलाय तुम्हाला?

काका : तू थांब इथेच. मी आलो बघून.

(दारावर थापा पडतात.)

शेजारीण : भाऊजी, ह्यांचं मशीन एकदम बंद पडलं होतं. आता लागलंय, सून जवळ बसलीय. पण जीव नुसता टांगणीला लागला माझा. आपली वायर सुटली का कुठे?

काकू : आपली वायर? नऊ वर्षांनी या बाई माझ्या दारात उभ्या राहतात आणि म्हणतात, आपली वायर?

काका : तू बस जरा.

काकू : बसत नाही. सांगा.

काका : त्यांच्याकडची लाइन पलीकडच्या खांबावरून येते. सारखी जाते. आजही पहाटेपासून नाही. आपली टिकते. त्यांच्या नवऱ्याला ऑक्सिजनच्या मशीनशिवाय श्वास घेता येत नाही. म्हणून मधल्या भिंतीतून मी एक वायर काढून दिली. तिकडची वीज गेली की मशीन आपल्या प्लगात लावतात.

काकू : केव्हा?

काका : दोन वर्षं झाली. तू बहिणीकडे गेली होतीस तेव्हा.

काकू : दोन वर्षं. दुधात चमचाभर पाणी पडलं तरी मला कळतं, आणि माझ्याच भिंतीला भोक पडलेलं कळलं नाही.

शेजारीण : वहिनी, म्हणजे तुम्हाला ठाऊक नव्हतं?

काकू : मी तुमच्याशी बोलत नाहीये.

शेजारीण : पण वायर तर तुम्हीच द्यायला सांगितली होती.

काकू : मी?

शेजारीण : भाऊजी म्हणाले, वायर ती देतेय. फक्त म्हणाली, आभार मानायला यायचं नाही, विषयसुद्धा काढायचा नाही. म्हणून तुम्ही गल्लीत दिसलात तरी मी मान खाली घालून जायची. मशीन सुरू झालं की दर वेळी ह्यांना सांगते, वहिनींचं मन मोठं आहे.

काकू : अहो. असं म्हणालात तुम्ही?

काका : म्हणालो.

काकू : माझ्या नावानं?

काका : माझ्या नावानं त्यांनी घेतली नसती. आणि तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.

काकू : नाहीच म्हणाले असते. माझ्या मुलीला लहानपणी फिट यायच्या, हे तिच्या सासूच्या कानावर कुणी घातलं? होणाऱ्या सासूच्या. लग्न आठ दिवसांवर आलेलं, ते मोडलं. तेव्हापासून पोर या घरात दोन दिवसांच्या वर टिकत नाही.

काका : मी बाप आहे तिचा. मला सांगावं लागत नाही.

शेजारीण : वायर मी काढून घेते, वहिनी. आमची वीज आली की लगेच. तेवढा वेळ राहू द्या.

काकू : आणि सोमवारी? तेव्हा तर दोन्ही खांब आंधळे. काय करणार होतात?

शेजारीण : एक सिलिंडर आहे. अडीच तास जातो. पुढचं भाऊजी म्हणाले, बघू काहीतरी.

काकू : काय बघणार होतात हो?

काका : तुला विचारणार होतो. या वेळी खरोखर.

काकू : मशीन पेलेल तुमच्या इन्व्हर्टरला?

काका : दोन तास पेलेल. पण मग त्यावर दुसरं काही नाही. फ्रीज नाही, पंखासुद्धा नाही.

काकू : एका माणसाच्या श्वासावर बोट ठेवून मी तुम्हाला विचारत होते, काय गेलं म्हणून.

काका : तुला माहीत नव्हतं गं.

काकू : तेच तर. माहीत करून द्यायला हवं होतं. मग नाही म्हणाले असते नाहीतर हो, पण ते मी म्हणाले असते.

शेजारीण : मी जाते. सून एकटी आहे तिकडे.

काकू : थांबा. सिलिंडर आधी लावायचा की बॅटरी आधी, ते ह्यांच्याकडून नीट समजून घ्या. घाईत उलटंसुलटं व्हायला नको. फ्रीजचं दार उघडलं नाही तर चार तासांत काही नासत नाही. आणि वारा घ्यायला मला पदर पुरतो.

शेजारीण : वहिनी...

काकू : माझ्या मुलीचं मी विसरलेले नाही.

शेजारीण : मीही नाही, वहिनी.