राधिकानं ‘कट’ म्हटलं तवा

आजच्या सभेचे अध्यक्ष पदमचंदजी, मुंबईहून आलेले निर्माते बाबूसिंगजी, स्टेजवरले मोठे लोक अन् समोर बसलेल्या माह्या लेकीबाळी, सगळ्याइले गिरजाबाईचा नमस्कार. मी चौथी शिकली. भाषण पहिलंच.

माही नात राधिका उद्या मुंबईले चालली, मोठ्या सिनेमाची दिग्दर्शक म्हणून. आनंदाच्या भरात काल शेलूबाजारात भाजी विकतानी मी दोघीइले वांगे फुकट देले. सून उज्ज्वला म्हणे, “आत्याबाई, उरलेला आनंद घरीच वाटा.”

पण भेव वाटते. काहून, ते आयका.

तिचा पहिला सिनेमा आमच्याच मळ्यात झाला. मी बहिऱ्या म्हातारीचं काम केलं. शेताच्या धुऱ्यावर बसून मेथी खुडाची, मागून देवमनच्या ट्रॅक्टरची कोबीची ट्रॉली रिव्हर्स येते, पण मान वळवाची नाही. राधिका म्हणे, “आजी, मी कट म्हटलं का ट्रॅक्टर थांबते.” तिनं कट म्हटलं. मी आयकलं. ट्रॅक्टर येऊनच राह्यला. तिनं आणखीन मोठ्यानं म्हटलं. मंग कॅमेऱ्यावरला मयंक, आपल्या पदमचंदजीचा नातू, ओरडला, तवा ब्रेक लागला. चाक माह्या पदरावर होतं.

“काहून रे देवमन, आयकू नाही आलं?”

“आलं ना, काकू. मले वाटलं, मयंकभाऊ म्हणन तवा थांबाचं.”

बहिरीचं काम माह्यं, अन् बहिरा हा झाला.

राधिका सांगते, सिनेमा नवा होता तवा बायांचे कामंही बाप्येच लुगडं नेसून करत. तरी शंभर वर्षांमागं एका बाईनं सिनेमे काढले म्हणे. मी इचारलं, “तिनं थांबा म्हटलं तं माणसं थांबत होते का वं?” पोरगी म्हणे, “आजी, माह्या पुस्तकात ते नाही.”

बाबूसिंगजी, तुमच्या सिनेमात झोपडी जळते, अन् आत पोरगी राह्यते. खरी आग. शंभर माणसं, अन् तिथं मयंक नाही. राधिकानं कट म्हटल्यावर पाण्याचा पाइप धरलेला माणूस कोणाच्या तोंडाकडे पाहीन? मले त्याचंच भेव हाये.

तुमी माह्या नातीले शाल देली, हार घातला. अध्यक्षसाहेबाचे अन् तुमा सगळ्याइचे लई आभार. अडाणी बाई, कमीजास्त बोलली असन तं पोटात घाला. पण बाबूसिंगजी, हा माइक घ्या. तिच्या एका शब्दावर पाणी पडन का, ते सगळ्याइसमोर सांगा. तवर मी उभीच हाये.