राहुकाळ आणि पेशी

तुम्ही विचारता ना, परदेशातून परत कशाला आलास? जिवंत पेशी हलताना इथल्या लोकांना दाखवायच्या होत्या, म्हणून. अखेर हेब्बाळच्या आमच्या संस्थेत हवा तसा मायक्रोस्कोप आला. उद्घाटनाला मी नाजूक पेशी घेऊन तयार. त्यांना ऊब देणारी पेटीही त्याच यंत्रात होती. पण आमचे पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेले, कानडी मिसळून बोलणारे मराठी संचालक बटण दाबू देईनात.

"राहुकाळ आहे रे. स्वल्प थांब."

"सर, या एसीत पेशी मरतील!"

"दीड तासात कोण मरतं?"

राहुकाळ संपला, बटण दाबलं. पडद्यावर सगळ्या पेशी मरून गोळा झालेल्या.

"वा! चित्र जरासुद्धा हलत नाही," प्रमुख पाहुणे म्हणाले.

संचालकांनी माझी पाठ थोपटली. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.