विहिरीच्या अलीकडून

चांगुणा : आणिक एक कप घे. दारात जय भीम म्हणलीस तवाच म्या जास्तीचं आधण ठेवलं.

श्रावस्ती : आजी, दोन झाले. आता सांगा ना. रेल्वेची जुनी छोटी लाइन विहिरीच्या अलीकडून होती का पलीकडून?

चांगुणा : तुझ्या नकाशात न्हाय व्हय?

श्रावस्ती : नकाशा नेमका तिथंच घडीवर फाटलाय. रूळ उचलून वीस वर्षं होत आली. खडीसुद्धा दिसत नाही.

चांगुणा : दिसंल कशी? वाडीतल्या समद्या घरांच्या पायात गेली. सात घरं व्हती. आता सा कुलपं हायेत, आन् मी.

श्रावस्ती : मुलं कुठं असतात?

चांगुणा : बुद्धघोष पुण्याला. सातव्या मजल्यावर. चल म्हणतो. एकदा गेले व्हते. दिसभर दाराकडं बघत बसले, कुणी आलंच न्हाय.

श्रावस्ती : इथं तरी कोण येतंय?

चांगुणा : तू आलीस की.

श्रावस्ती : मी मोजणीला आले, आजी. बरं, मोठी लाइन इथून का नाही नेली?

चांगुणा : मोठ्या गाडीला वाकण सोसत न्हाय. छोटी कशीबी वळायची. चढावर तर माणसं उतरून ऊस मोडून घ्यायची आन् परत डब्यात चढायची. मोठीनं समदी वाकणं सरळ केली. आमची वाडी नेमकी वाकणावर.

श्रावस्ती : तीच सुटलेली जागा मोजतोय आम्ही. हद्दीचे खांब रोवणार. आत जे येईल ते काढावं लागणार.

चांगुणा : घरबी?

श्रावस्ती : घरही.

चांगुणा : ...पलीकडून. विहिरीच्या पलीकडून व्हती.

श्रावस्ती : नक्की? मग तुमचं घर वाचलं! थांबा, सांगणाऱ्याचं नाव लिहिते. चांगुणा बाबू...

चांगुणा : त्यांचं नाव कशापायी?

श्रावस्ती : मघाशी तुम्हीच म्हणालात, मालक इथले चावीवाले होते. रोज हातोडा घेऊन रुळाच्या चाव्या ठोकत जायचे. त्यांच्या बायकोनं सांगितलं म्हटल्यावर साहेब दुसऱ्या कुणाला विचारणार नाहीत.

चांगुणा : एकदा त्यांना लई ताप व्हता. म्या म्हणलं, पडून ऱ्हावा, बघितल्या चाव्या म्हणून सांगा. कोण येतंय इचाराया? तसंच उठले. "न बघता बघितलं म्हणू व्हय?" दोन दिस बोलले न्हाईत माझ्यासंगं.

श्रावस्ती : मग मी नाव लिहू ना?

चांगुणा : आधी ते पलीकडून खोड. अलीकडून व्हती.

श्रावस्ती : अलीकडं तर तुमचं घर आहे.

चांगुणा : तेच सांगतेय. ते गेल्यावर वाडीतल्या घरात मन लागंना. म्हणलं, रोज इथून चालायचे, तिथले पत्रे काढून इथंच उभे करावे.

श्रावस्ती : आजी, मी काही ऐकलं नाही. पलीकडूनच राहू द्या. कुणाचं काय जातंय?

चांगुणा : मग ते चौतीस वर्षं कुठून चालले? पलीकडच्या नाल्यातून?

श्रावस्ती : नोटीस येईल तुम्हाला. कळतंय का? राहणार कुठं तुम्ही?

चांगुणा : सातव्या मजल्यावर. लिफ्ट हाय तिथं.

श्रावस्ती : आजी...

चांगुणा : रडतीस काय, येडे? टेप धर. त्या बाभळीपासनं घे, सरळ दारातनं आत ये. चूल मधी येती, ती वलांड.

श्रावस्ती : थांबा, चपला काढते.

चांगुणा : ऱ्हाऊ दे पायात. लाइनीवर कोण चपला काढतं?