दातांच्या डॉक्टरांचा ‘सा’

...तर नेटची वायरसुद्धा बदलली हो! आधीची पांढरी होती, ही निळी आणली, म्हटलं निदान रंगाचा तरी काही परिणाम होईल... पण पडद्यावर चक्र आपलं गरगर, गरगर! तुम्हाला सांगतो, आमची ही कॉम्प्युटरवरून गाणं शिकवते. महिनाभर नेट असं काही रखडलं की एकेक शिष्य गळत गेला आणि उरले फक्त दातांचे डॉक्टर. परवा तेही म्हणाले, "बाई, मागच्या आठवड्यात लावलेला माझा ‘सा’ पोचला का? नाहीतर आता थांबूच या." आता हे गेले की क्लास बंद, आणि क्लास बंद झाला की ही दिवसभर सुधारणार कुणाला? मला! म्हणजे बघा, प्रश्न माझ्या जिवाचा होता.

बोलावलं मेहुण्याला. कॉम्प्युटरमधलं सगळं आपल्याला कळतं असं त्याला वाटतं, आणि फार ठामपणे वाटतं. "भाऊजी, तुम्ही जरा लांब उभे राहा, राउटर तुम्हाला बुजतो." राहिलो लांब! राउटर कपाटावर, कपाटावरून खिडकीत, खिडकीतून स्टुलावर, स्टूल टेबलावर... चक्र गरगर! कंपनीला फोन लावला तर तिथली बाई मंजूळ आवाजात, "सर, आमच्याकडून स्पीड पूर्ण येतोय." येतोय ना? मग आमच्या दारात येऊन लाजतो का? डॉक्टरांचा एक सूर इथे पोचेपर्यंत मी दाढी करून, तोंड धुऊन, कपडे बदलून परत यायचो, तरी डॉक्टर आपले पडद्यावर आ वासून तसेच! त्यांच्या पेशंटांनी बघायला हवं होतं.

शेवटी हीच वैतागली. "अहो, मी एकटी गायले की बरं चालतं, ते एकटे गायले तरी बरं चालतं, दोघं एकदम गायलो की तुटतं. इथे कुणीतरी समोरच्याचं न ऐकता नुसतं बोलत सुटलंय!" आणि बसली की हो खुर्चीत, उघडली कॉम्प्युटरमधल्या नेटवर्क कार्डाची सेटिंगं.

"हे ‘फुल’ कुणी केलं?"

मेहुणा छाती काढून, "मी! गेल्या महिन्यात. ऑटोवर होतं गं ताई, उगाच डळमळीत. ठणकावून फुल करून टाकलं."

"आणि राउटरला विचारलंस?"

"त्याला काय विचारायचं?"

‘फुल’ म्हणजे समोरचा बोलत असला तरी आपणही बोलायचं! म्हणजे बघा, कार्ड मनात येईल तेव्हा बोलणार, आणि राउटर बिचारा, समोरून काही ठरेचना म्हणून, एका वेळी एकानेच बोलायचं असं समजून बसलेला... रोज वाटेत टक्कर! आणि हा पठ्ठ्या वायरी बदलतोय! हिने पुन्हा ऑटो केलं. "ठरवू दे दोघांना आपसात." चक्र थांबलं हो!

डॉक्टर स्वच्छ दिसले. स्वच्छ ऐकू आले. आणि तेव्हा कळलं की तो आवाज नेटमुळे तसा येत नव्हता... तो तसाच आहे. ही कपाळाला हात लावणार, तेवढ्यात डॉक्टर गहिवरून, "बाई! काय सुंदर ऐकू येतंय! आता रोज दोन तास बसू या!"

क्लास वाचला. मीही वाचलो म्हणायचं. रोज दोन तास डॉक्टर गातात, मी शेजारच्या खोलीत असतो... आणि मधे एक भिंत आहे हो, तिची सगळी सेटिंगं शोधली. नाहीत.